आमच्या घरातले दोन व्हायब्रेटर

आमच्या घरात व्हायब्रेटर हा शब्द मीठमिरचीइतका साधा. आमचे हे जिंतूर तालुक्यात स्लॅबची कामं घेतात, आणि ओल्या काँक्रीटमधली हवा काढायला जी थरथरणारी मशीन लागते, तिचं हे नाव. कॉलममध्ये खुपसायची लांब नळीची वेगळी, स्लॅबवरून फिरवायची सपाट पाट्याची वेगळी. नव्या नवलाईत ह्यांनी मला ती उघडून दाखवली होती. आत एक दांडा फिरतो आणि त्याचं वजन मुद्दाम एका अंगाला जास्त ठेवलेलं असतं. वजन सारखं असलं तर ते नुसतं फिरेल, थरथरणार नाही, असं कौतुकानं समजावलं होतं.

त्याच नावाची दुसरी वस्तू असते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गर्भपिशवी काढल्यापासून मला ह्यांच्याजवळ जायची धास्ती वाटायची, कारण दुखायचं. ते सांगायची लाज. म्हणून ह्यांच्या घोरण्याचं निमित्त करून मी दोन वर्षं दुसऱ्या खोलीत झोपत होते. बाईंनी मलम लिहून दिलं आणि व्हायब्रेटर सुचवला. त्यानं रक्त खेळतं, अंग सैलावतं म्हणाल्या. काही आत घालायचे असतात, काही वरूनच लावायचे. तुम्ही वरून लावायचा लहानसा, चार्जिंगचा घ्या. ह्याच्यातही वजन एका अंगाला असतं का, असं मी विचारलं तर त्या हसायला लागल्या. मला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं.

मोबाईलवरून मागवला आणि तिथंच माती खाल्ली. नंबर ह्यांचा दिलेला होता. पार्सल माझ्या हातात पडलं आणि ‘तुमचा व्हायब्रेटर पोचला’ असा मेसेज चारठाण्याच्या कामावर ह्यांना गेला. संध्याकाळी आले ते तोंड फुगवूनच. चहा घेतला नाही. जिन्याखाली, पलंगाखाली, न्हाणीमागं काहीतरी हुडकत फिरले. डबा मी तांदळाच्या कोठीत पुरला होता. ह्यांना कळलं, आता हे मला चवचाल समजणार, अशी मला भीती वाटली.

दोन दिवस हे माझ्याकडे तिरकं बघत होते. माझा भाऊ ह्यांच्याच हाताखाली सेंटरिंगचं, स्लॅबखाली फळ्या-टेकू ठोकायचं काम करतो, त्याच्याशीही बोलेनात. ह्यांनी त्याला सांगितलं की काय, असं वाटून मी भावासमोर जायचं टाळलं. बहीणभाऊ एकमेकांना टाळतात म्हणजे काहीतरी शिजतंय, असं ह्यांनी धरलं.

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ह्यांनी ताट सरकवलं.

“तुझ्या भावाला येगळं काम धरायचं हाय ना? मशीन तुझ्या हातानं मागवायलाय. लपवू नको. उद्यापासून त्यानं माझ्याकडं येऊ नये.”

मला आधी काही उमजेना. मग हसू फुटलं, आणि लगेच जिवाचं पाणी झालं. गप्प बसले असते तर माझी लाज राहिली असती, पण भावाचं काम गेलं असतं.

उठले, कोठीत हात घातला आणि डबा ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. काय आहे, कुणी सांगितलं, कुठं दुखतं, सगळं एका दमात बोलून टाकलं. कान तापले होते.

ह्यांनी हात धुतले, पंच्यानं पुसले. वस्तू उचलून बटण दाबलं, कानाला लावली.

“ह्यात बी वजन एका अंगालाच हाय,” म्हणाले.

मग बंद केली आणि परत डब्यात ठेवली.

“मला वाटायलं तुला माझा कंटाळा आला. तू तिकडं झोपायला गेलीस तवा मी मोबाईल उशाशी ठिवून आवाज भरून बघितला. आठ दिस बघितला. मी घोरत न्हाई.”