रुईपाशी अर्धा तास

सुकदेवनाना गेल्याचं मला पारोळ्याच्या बसमध्ये कळलं. त्यांच्या गावचा एक जण शेजारी बसला होता. तो म्हणाला, "सर, नानाना दहाव्याले तुमी उनात नही..." मला ठाऊकच नव्हतं, हे सांगायचीही लाज वाटली. महिना उलटून गेला, तरी ती जात नाही.

मी धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. सात-आठ वर्षांपूर्वी मला फुलपाखरं मोजायचं खूळ लागलं. एकट्याने किती बांध तुडवणार? म्हणून गावोगावच्या लोकांना पोस्टकार्डं वाटली. दर रविवारी सकाळी नऊ वाजता एकाच झुडपापाशी अर्धा तास बसायचं, दिसतील तेवढी मोजायची आणि आकडा कळवायचा. बहुतेकांचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकला. टिकले ते एकटे नाना. चौथी शिकलेला, कपाशी पिकवणारा हा माणूस बांधावरच्या रुईपाशी बसायचा आणि काळ्या किनारीची केशरी फुलपाखरं मोजायचा. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण रविवार चुकला नाही. पोळ्याचा नाही, घरच्या लग्नाचाही नाही.

पुढे त्या शिवारात कपाशीवर फवारे वाढले आणि नानांच्या कार्डांवर एकच ओळ येऊ लागली. "आज एक बी दिसनं नही." पाच, सात, दहा कार्डं तशीच. स्टाफरूममध्ये थट्टा सुरू झाली, "सर, तुमच्या नानांचं कोरं कार्ड आलं बरं का!" मला थट्टा सोसत नाही, हा माझा जुना रोग. नाना बाजाराला धुळ्यात आले, तेव्हा मी फटकन म्हणालो, "नाना, काही दिसलं तरच लिहीत जा. रिकामी कार्डं काय कामाची?"

नाना म्हणाले, "मी गयथू, हाई तरी कयाले पाहिजे ना, सर?"

आपण गेलो होतो, एवढं तरी कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी हसून विषय बदलला. कार्डं थांबली.

दोन वर्षांनी, फवाऱ्यांमुळे फुलपाखरं गेली असं म्हणत मी सगळे आकडे पुण्याच्या एका संशोधकबाईंकडे पाठवले. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. शेवटची दोन वर्षं कार्डं नाहीत. म्हणजे फुलपाखरं नव्हती, की पाहणारा गेलाच नव्हता? मला सांगता येईना. ज्या कार्डांनी ते सिद्ध झालं असतं, ती मीच माझ्या तोंडाने बंद केली होती. शिकलेला मी, आणि शास्त्र कळलं होतं नानांना. हे त्यांना जाऊन सांगायचं ठरवलं. आज जाऊ, उद्या जाऊ, परीक्षा संपू देत... करता करता वर्ष गेलं.

परवा शेवटी त्यांच्या घरी गेलो. नानांच्या पत्नी यमुनाअक्कांनी पाणी दिलं. नानांनी रुईपाशी जाणं कधी सोडलं, असं मी चाचरत विचारलं. त्या म्हणाल्या,

"सोडं कधय? दर रविवारले जायेत. अर्धा तास बठेत. घर ईसन सांगेत, आज बी नही. मी म्हनू, मंग लिखा ना. तं म्हनेत, सरले नको शे."

मी उठून बांधावर गेलो. रुईशेजारी एक सपाट दगड आहे, बसून बसून गुळगुळीत झालेला. त्यावर बसायचा मला धीर झाला नाही.