रिकाम्या ठिपक्यापाशी फील्ड

आमच्या हैदराबादच्या कोचिंगमध्ये शिक्षक विषयाचे नसतात, धड्याचे असतात. पुण्याच्या माझ्या भावाला हे इतक्या वर्षांत पटलेलं नाही. त्याला वाटतं मी फिजिक्स शिकवते. नाही बाबा, मी फिजिक्समधला एकच धडा शिकवते. चार्ज, दोन चार्जमधलं बल आणि त्यांचं फील्ड, म्हणजे चार्जचा आजूबाजूला पसरलेला प्रभाव, बस. तो संपला की खडू झटकायचा, दुसऱ्या ब्रँचला जायचं आणि तोच धडा पहिल्यापासून सुरू करायचा. माझ्या मागून करंटवाले सर येतात, त्यांच्या मागून मॅग्नेटवाले. मुलं मला चार्ज मॅडम म्हणतात, खरं नाव अर्ध्यांना माहीत नसतं. चेहरे ओळखीचे व्हायला लागतात तोवर धडा संपतो.

मी अंबरपेठेत एकटी राहते. आई गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी नाही. शेजारीण तेलुगू, भाजीवाला दखनी, आणि भावाचा रविवारचा फोन 'सगळं ठीक ना' इथे सुरू होऊन 'चल, ठेवतो' इथे संपतो. लग्न का केलं नाहीस हे विचारून डोकं खाणारी मंडळीसुद्धा आता राहिली नाहीत, आणि खरं सांगते, कधी कधी त्यांचीही आठवण येते. बोलणं म्हणजे वर्गातलं तेवढंच, तेही तेलुगू-इंग्रजीच्या खिचडीत. पण समोर माणसं असायची आणि ती उत्तर द्यायची. मला तेवढं पुरायचं.

धडा मी माझ्या पद्धतीने शिकवते. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकची पट्टी स्वतःच्या केसांवर घासते आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांवर धरते. कपटे टुणकन उडून पट्टीला चिकटतात. कॉलेजात जाणारी, मिशा फुटलेली पोरं, पण माना उंच करून बघतात. मग मी विचारते, कागदावर तर चार्ज नव्हता, मग तो ओढला का गेला? हळूहळू त्यांच्याच तोंडून काढून घेते की पट्टीकडच्या बाजूला उलटा चार्ज सरकतो, पलीकडच्या बाजूला सारखा; ओढ आणि ढकल दोन्ही असतात, पण जवळचं जास्त ओढलं जातं आणि लांबचं कमी ढकललं जातं. थोड्या वेळाने एखादा कपटा पट्टीपासून उडून दूर पडतो, कारण आता त्यालाही पट्टीचाच चार्ज लागलेला असतो. वर्ग हसतो. तिथून पुढे वर्ग माझा होतो.

पण माझा खरा प्रश्न फील्डच्या दिवशी असतो. फळ्यावर एक प्लस चार्ज काढायचा, त्याच्यापासून वीतभर लांब एक ठिपका द्यायचा आणि विचारायचं, या ठिपक्यापाशी मी काहीही ठेवलेलं नाही, तर तिथे फील्ड आहे का? अख्खा वर्ग म्हणतो, नाही. ही खास कोचिंगच्या पोरांची चूक. त्यांना सूत्र झोपेतही पाठ असतं, फील्ड म्हणजे बल भागिले टेस्ट चार्ज, म्हणजे तपासायला ठेवलेला छोटासा चार्ज. मग टेस्ट चार्ज ठेवलाच नाही तर बल नाही, बल नाही तर फील्डही नाही, झाली छुट्टी. मी त्यांना चूक म्हणत नाही. गप्प उभी राहते. दूध वर येईपर्यंत गॅसपाशी उभं राहावं लागतं ना, तसं. चुळबुळ होते, कुणीतरी खोकतं, आणि मग कोपऱ्यातून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "उंदि मॅडम." म्हणजे आहे. का आहे? "चार्ज तर तिथेच आहे ना मॅडम, कुणाला कळो न कळो." दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच. त्या एका वाक्यासाठी मी बसचे धक्के खात दिलसुखनगरच्या ब्रँचला जाते, असं म्हटलं तरी चालेल.

यंदा मॅनेजरने बोलावून घेतलं. वयाने माझ्या भाच्याएवढा, पण बोलायला गोड. "मॅडम, एक बार पूरा चॅप्टर रेकॉर्ड कर देव. सब ब्रँच में वहीच चलाते. आप को भी आराम."

आराम कुणी मागितला होता? पण हे बोलायची सोय नव्हती, कारण करंटवाले सर रेकॉर्ड करून मोकळे झाले होते. मी एकच अट घातली. बाकी सगळीकडे व्हिडिओ लावा, पण दिलसुखनगरची सकाळची बॅच माझ्याकडे राहू द्या. तो म्हणाला, देखते मॅडम. इथे देखते म्हणजे हो की नाही, हे देवालाही सांगता येणार नाही. मी आपला हो असा अर्थ घेतला.

स्टुडिओ म्हणजे एक थंडगार खोली, मागे हिरवा पडदा, समोर कॅमेरा आणि त्याच्या मागे कानाला हेडफोन लावलेला एक माणूस. पट्टी केसांवर घासली तर म्हणाला, मॅडम, केस विस्कटतात, कट. मी म्हटलं, विस्कटू देत, फिजिक्स आहे ते, फॅशन शो नाही. मनात आलं होतं की मुद्दाम वाईट करावं, अडखळावं, म्हणजे हे लोक नाद सोडतील. पण धडा सुरू झाला आणि मला वाईट शिकवता येईना. आयुष्यभर जे एकच काम केलं ते बिघडवायला हात धजेना. ठिपक्यापाशी आल्यावर मी प्रश्न विचारला आणि सवयीने थांबले. कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत होता. कुणी खोकलं नाही. हेडफोनवाला मोबाइल बघत होता. त्या शांततेत मला एकदम रडू आल्यासारखं झालं, पण मी थांबायचं तेवढी थांबले आणि मगच पुढे गेले.

तयार व्हिडिओ बघितला तेव्हा ती शांतता गायब होती. प्रश्न संपतो न संपतो तोच मी उत्तर देऊन मोकळी. मी फोन करून विचारलं. हेडफोनवाला म्हणाला, मॅडम, तिथे नेट अडकल्यासारखं वाटतं, मुलं व्हिडिओ पुढे ढकलतात. मी म्हटलं, अहो, ते थांबणं हाच तर धडा आहे. तो हसला. हसण्यावारी नेलं की विषय संपतो, हे या मंडळींना चांगलं जमतं.

दिलसुखनगरच्या बॅचला तेव्हा मी निम्म्यावर होते. बल झालं होतं, फील्ड सुरू व्हायचं होतं. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. व्हिडिओ फारच छान झाला आहे, पालक खूश आहेत, तेव्हा सकाळच्या बॅचलाही तोच लावतो आहोत, उद्यापासून तुम्ही दगदग करू नका. कौतुकच केलं त्याने माझं. माझ्या तोंडून "थँक्यू" निघालं. मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.

दोन दिवसांनी मी माझं सामान आणायला गेले. काचेची कांडी आणि तिच्यावर घासायचा रेशमी तुकडा, सुलतान बाजारातून शोधून आणलेला, ते स्टाफरूमच्या कपाटात राहिलं होतं. वॉचमन नवा होता. मी जिन्याकडे वळले तर म्हणाला, "अम्मा, उप्पर क्लास चल रा. बाद में आव." मी विचारलं, कुणाचा? तर म्हणाला, "चार्ज मॅडम का."

मी वर गेले. दाराच्या काचेतून आत पाहिलं. पडद्यावर मी होते, माझ्याहून मोठी आणि नीट विंचरलेली. माझीच मुलं वह्यांवर वाकली होती. पडद्यावरच्या बाईने ठिपका दिला, विचारलं, इथे काहीच ठेवलेलं नाही, तर फील्ड आहे का, आणि लगेच पुढचं सांगू लागली. तिची दोन वाक्यं बोलून झाली तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी मी बल शिकवत असताना कधी तोंड उघडत नव्हती, मान वर करून म्हणाली, "उंदि मॅडम."

मला राहवलं नाही. मी दार ढकललं आणि तिथूनच म्हणाले, "आहे. बरोबर आहे तुझं. का आहे ते सांग." चक्क मराठीत म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. मुलगी तर उठून उभी राहिली, शब्द कळले नसले तरी प्रश्न कळला होता, आणि तिला उत्तर येत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी थांबले. पण पडद्यावरची बाई थांबत नव्हती. तिने फील्डच्या रेषा काढायला घेतल्या होत्या आणि त्या उतरवून घ्यायच्या होत्या. एकेक करून माना पडद्याकडे वळल्या. ती मुलगी क्षणभर दोघींकडे पाहत राहिली, मग खाली बसली आणि लिहू लागली.