काचा लावलेला ट्रक

दिल्लीला शिकून परत आले आणि एक जुनी व्हॅन घेतली. गावची एसटी बंद झाल्यामुळं दहावीच्या सात पोरी घरी बसणार होत्या. त्यांना शाळेत पोचवायचं, एवढंच डोक्यात होतं. पोरी सातच राहिल्या. या गाडीपायी जमलेले किस्से मात्र मी मोजायचे सोडून दिलेत.

गाडी आधी अर्धापूरची केळी वाहायची, म्हणून कागदावर ‘मालवाहू’. ते बदलायला आरटीओ कार्यालयात गेले. कारकून म्हणाले, “मागं काचा हायेत का?”

“नाहीत.”

“मग ट्रक.”

मी काचा बसवल्या, सीटा बसवल्या, पुन्हा गेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

“आता हा काचा लावलेला ट्रक.”

*

लातूरला विज्ञान प्रदर्शन होतं. गेटवरच्या वॉचमननं हात आडवा केला. “टेम्पो मागच्या गेटनं. जेवणवाले तिकडंच हायेत.”

आमच्या पोरी आपापले प्रयोग घेऊन भाताच्या पातेल्यांमधून आत गेल्या. मी वॉचमनशी भांडायला निघाले. आमचे ड्रायव्हर गफूरचाचा शांतपणे म्हणाले, “बेटा, एक दिन ये लोगां इसको बैलगाडी बोलिंगे.”

*

मग त्या कारकुनांचाच फोन आला. “ताई, पोरीचा साखरपुडा हाय. तुमची व्हॅन लागून राहिली. सोळा माणसं न्यायचीत.”

“साहेब, तो तर ट्रक आहे ना?”

“हाव, म्हणूनच म्हणलं. जागा लई असंल.”

*

गाडीची फाईल आरटीओतच पडून राहिली आणि दहावीचा पहिला पेपर आला. केंद्र तीन किलोमीटरवर असताना हवालदारानं गाडी अडवली. कागद वाचला.

“मालवाहू. माणसं उतरवा.”

“पेपर आहे हो त्यांचा.”

“मॅडम, नियम म्हंजे नियम. मागं माणूस चालत न्हाई.”

पोरी उतरल्या. मीही उतरले. हवालदार मात्र पुढं चाचांशेजारी जाऊन बसला. “पुढं चालतंय. चला चाचा, मलाबी केंद्रावरच ड्युटी हाय.”

आम्ही पळालो. फुफाट्यातून, उन्हातून, चपला हातात घेऊन. पोचलो तेव्हा अर्धं गेट लागलं होतं आणि ते धरून तोच उभा होता. धापा टाकणाऱ्या पोरींकडं बघून म्हणाला, “एवढा उशीर? गाडीबिडी न्हाई का गं तुमच्याकडं?”