मोझे म्हणजे मोजे नव्हेत

किस्से गोळा करायला मला कुठे बाहेर जावं लागत नाही. एका घरात दोन विहिणी आणि दोघींना समजेल अशी भाषा एकही नाही, मग आणखी काय हवं? आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरात माझा मुलगा निनाद, सून येलेना आणि मी. नात झाली तेव्हा येलेनाची आई मिलित्सा सर्बियाहून आल्या. माझं इंग्लिश बेताचं, त्यांचं त्याहून बेताचं.

*

पहिल्याच दिवशी मी त्यांना चहाचा कप दाखवून भुवया उंचावल्या.

"मोझे!" त्या म्हणाल्या.

बिचारीला थंडी वाजत असणार! मी निनादचे लोकरीचे मोजे आणून दिले. त्यांनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निमूटपणे मोजे चढवले.

येलेना हसून हसून बेजार. निनादकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, मोझे म्हणजे चालेल! मामाला चहा पाहिजे होती!" स्वतःच्या आईला ती मामा म्हणते. त्यावरून माझ्या बहिणीने फोनवर घातलेला गोंधळ तर वेगळाच.

*

मग मी ते क्रियापद शिकायलाच घेतलं. पोळ्या लाटताना घोकायची: मोगू, मला जमतं. मोझेश, तुला जमतं. मोझे, तिला जमतं. मोझेमो, आपल्याला जमतं.

एकदा विहीणबाईंना "मोझेश?" म्हटलं, तर येलेना दचकली. "आई, मोठ्यांना मोझेते म्हणायचं! तुम्ही!"

पण विहीणबाईंनी लाटणं उगारून मलाच बजावलं, "मोझेश! मोझेश!"

तेव्हापासून मराठीत अहो विहीणबाई आणि सर्बियनमध्ये सरळ अगं-तुगं. या वयात मला नवी मैत्रीण मिळाली, याचं फार बरं वाटलं.

*

एकदा तिला ठेचा वाढला. घास घेतला आणि डोळ्यांत पाणी. "ने! ने मोगू!"

मी वाटी नेली! त्यांच्यात 'ने' म्हणजे 'नाही', हे नंतर कळलं, पण काम तर झालं.

पुढे तेच शब्द ती खिडकीशी बसून पुटपुटायला लागली. नवरा गेलेला, गल्लीत बोलायला कुणी नाही, बसमध्ये ड्रायव्हर काय म्हणतो ते कळायचं नाही. "ने मोगू." या वेळी काय न्यायचं, तेच मला कळेना.

*

येलेनाची रजा संपत आली आणि मिलित्साने परत जायला बॅग भरली. ती इथेच राहायला हवी होती मला, अगदी मनापासून. दिवसभर घरात मी आणि तान्ही नात. बोलणार कुणाशी?

निनाद बॅग गाडीत ठेवायला आला. येलेनाने आईला शेवटचं विचारलं, राहतेस का म्हणून.

"ने मोगू सामा."

"इथे एकटीला जमत नाही म्हणते," येलेना मला म्हणाली.

मी पुढे झाले. स्वतःकडे बोट केलं, "मोगू." तिच्याकडे केलं, "मोझेश." पुढचं काही केल्या आठवेना.

मिलित्सा जिन्याच्या पायरीवर बसली. बूट काढले. बॅग उघडून निनादचे लोकरीचे मोजे शोधले आणि सावकाश पायांत चढवले.

"मोझेमो," ती म्हणाली.