स्वतःरावांची खिडकी

त्यांचं खरं नाव टपाल खात्याच्या निवृत्तीच्या कागदांवर असेल तर असेल, इमारतीत त्यांना सगळे स्वतःराव म्हणत. नळ गळो, पंखा कुरकुरो, "कारागीर कशाला? मी स्वतः करतो!" म्हणत हे पक्कड घेऊन हजर. या हौसेपायी त्यांच्या घरात बाथरूमचा दिवा लावला की दाराची बेल वाजायची. बिचाऱ्या बायकोला दर वेळी जाऊन बघावं लागायचं, पाहुणे आलेत की नवरा आंघोळीला गेलाय.

पण या सगळ्यावर कडी केली ती स्वयंपाकघरातल्या लोखंडी खिडकीनं. आठ वर्षांपूर्वी इमारतीला बाहेरून रंग लागत होता. रंगाऱ्यांचा हात काही स्वतःरावांना पसंत पडेना. ते स्वतः परांचीवर चढले, खिडकीला बाहेरून दोन हात ऑइलपेंट फासला आणि खुशीत उतरले. त्या दिवशी ती खिडकी जी बंद झाली ती झालीच. बायको म्हणाली, रंगानं चिकटली. हे म्हणाले, "लोखंड उन्हानं फुगतं. थंडीत आपोआप उघडेल." थंड्या आल्या नि गेल्या. चौकटीला गंज चढला, गंजानं काचेला तडा गेला, तड्यावर चिकटपट्टी आली. "आता गंज फुगलाय," स्वतःराव म्हणाले. काही ना काही फुगलेलं असायचंच.

बायकोनं मात्र त्या बंद काचेतूनच एक मैत्रीण जोडली. समोरच्या इमारतीत, अगदी समोरासमोरच्या स्वयंपाकघरात एक बाई राहायला आली. तिचं दार पलीकडच्या रस्त्याला, जिने दोन्हीकडे उभे आणि गुडघे दोघींचे कुरकुरणारे. फोन? अहो, नुसत्या बोटांनी दहा आकडे सांगून बघा एकदा! तेव्हा ना नाव, ना आवाज, सगळा कारभार खुणांचा. गाल फुगवले की सून रुसलीय. मूठ तळव्यावर ठोकून तोच हात कपाळाला लावला की स्वतःराव. स्वतःरावांना वाटायचं, हिचं डोकं ठणकतंय. ते मायेनं बाम आणून द्यायचे आणि तीही मुकाट्यानं लावून घ्यायची.

एक खूण समोरची पहिल्यापासून करत आली होती. खाली बोट दाखवायची आणि तळव्याखाली बोट खुपसायची. बायकोनं ओळखलं, खालच्या मजल्यावरची आपल्या पाठीमागे काड्या घालते! झालं, त्या दिवसापासून खालचीशी बोलणं बंद.

गुरुवारी समोरचीनं खोके दाखवले, आगगाडीसारखे हात हलवले, तीन बोटं दाखवली, टाटा केला. रविवारी ती मुलाकडे कायमची निघाली होती. बायको गॅस बंद करून बाहेर आली.

"अहो, रविवारी सकाळी ती खिडकी उघडी पाहिजे. इतकी वर्षं बोलतेय मी तिच्याशी, तिचा आवाज कसा आहे ते मला माहीत नाही. तुमच्यानं होत नसेल तर सांगा, मी खिडकीवाल्याला बोलावते."

"खिडकीवाला? माझ्या घरात?" स्वतःराव ताडकन उठले. "मी स्वतः उघडतो!"

शुक्रवारभर त्यांनी फटींत रॉकेल सोडलं आणि करवतीचं जुनं पातं घालून रंग कापला. घरभर असा वास सुटला की चहाही रॉकेलचा लागायला लागला. खिडकी ढिम्म हलेना. शनिवारी त्यांनी हातोडीला फडकं गुंडाळलं.

"हळू हं," बायको म्हणाली.

"मला शिकवतेस? फक्त एक टिचकी मारतो."

टिचकी बसली आणि अख्खी काच खळ्ळकन सिंकमध्ये आली. तेवढ्यात पलीकडून एक जाडाभरडा, खणखणीत आवाज आला.

"फोडली का शेवटी? लागलं नाही ना कुणाला?"

बायकोनं तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! तुमचा आवाज असा आहे होय?"

"आणि तुमचा किती बारीक! यांना ओरडताना तोंड तर केवढं मोठं दिसतं. बरं ते राहू दे, आधी ती पाचर काढा. किती वर्षं सांगतेय, खिडकीच्या पल्ल्याखाली पाचर आहे, पाचर!"

स्वतःरावांनी रिकाम्या चौकटीतून हात बाहेर घातला. पल्ल्याखाली, बाहेरच्या कट्ट्यावर लाकडाची पाचर होती. रंग देताना वाऱ्यानं पल्ला हलू नये म्हणून त्यांनी स्वतःच ठोकलेली, आणि तिच्यावरही छान दोन हात मारलेले. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे ते खालचीचं नव्हतं?" बायको पुटपुटली.

पाचर निघाली. पल्ला कण्हत उघडला आणि तो अडकवायची गंजकी दांडी निखळून धाडकन गल्लीत पडली. खालचीनं वर बघून जे काही सुनावलं ते ऐकूनही बायको तिच्याकडे बघून गोड हसली.

दोघींचं बोलणं धबधब्यासारखं सुरू झालं, नंबरही घेऊन झाले. मध्येच बायकोनं सवयीनं मूठ तळव्यावर ठोकून कपाळाला हात लावला. स्वतःराव धावत बाम घेऊन आले, तर समोरची हसून हसून बेजार!

"अहो, बाम कसला! ती तुमची खूण आहे!"

स्वतःरावांना फार वाईट वाटलं. एका पाचरीपायी आपण दोन बायकांना मुकं करून ठेवलं, असं मनाला लागलं. लोखंड फुगतं वगैरे काहीही न बोलता त्यांनी मापाची टेप उचलली.

"राहू द्या हो, ऐकू येतंय की," बायको म्हणाली.

"भगदाडातून निरोप द्यायचा नाही. खिडकी उघडून द्यायचा."

चौकट घासून तिला रेड ऑक्साइड मारलं. काच कडेला कड मापून, जराही सूट न ठेवता आणल्यामुळे बसेना, ती परत नेऊन कापून आणली. पुट्टीचा थर, त्यावर काच, पुन्हा पुट्टी. काचवाल्यानं बजावलं होतं, पुट्टी वाळेपर्यंत हादरा बसता कामा नये.

रविवारी नेमका वारा सुटला. दांडी तर गल्लीत गेलेली. पल्ला आपटला असता तर काच गेलीच होती. स्वतःरावांनी हात बाहेर काढून पल्ला उघडा धरला आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. हाताला मुंग्या आल्या.

खिडकीत दोघी समोरासमोर आल्या. मध्ये काच नाही, काही नाही. आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. शेवटी दोघी खुणांवरच आल्या. नीट जा. जेवत जा. फोन कर.

मग समोरचीनं मूठ तळव्यावर ठोकली. स्वतःरावांनी मान खाली घातली, आता कपाळ येणार. पण तिचा हात कपाळाकडे जाता जाता थांबला आणि छातीवर येऊन टेकला. बायकोनंही यांच्याकडे बघून तसाच हात ठेवला.

समोरचं स्वयंपाकघर रिकामं झालं.

"सोडा आता हात," बायको म्हणाली. "गेली ती."

"थांब जरा," स्वतःराव तोंड फिरवून म्हणाले. "पुट्टी ओली आहे अजून."