तिकिटापुरतं उरलं पाहिजे

गणितातल्या माणसांची काळजी वाहणारा माणूस आख्ख्या कर्नाटक-महाराष्ट्रात मिळून एकच असेल, आणि तो माझा सख्खा मामा आहे. 'एका माणसाने पगाराचा एक तृतीयांश भाग घरभाड्यावर खर्च केला' असं पुस्तकात छापलेलं असतं ना, तो माणूस. आपण त्याला क्ष मानतो, उत्तर काढतो आणि शाळा सुटली की विसरून जातो. मामा विसरत नाहीत. एवढं घरभाडं कुठल्या गावात आहे, घरमालक कसला आहे, पोरंबाळं किती, आणि उरलेल्या पैशात हा बिचारा खातो काय, हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही. मी लहान असताना त्यांना विचारलं होतं, "मामा, हा माणूस खरा थोडाच आहे?" तर म्हणाले, "खरा न्हाय म्हणून काय त्येला भूक न्हाय व्हय?"

निपाणीत मामांचं शाळेच्या पुस्तकांचं दुकान होतं. जूनचा महिना सोडला तर गिऱ्हाईक असं फारसं नाही. बाकीचे दुकानदार दुपारी पेपर वाचतात, डुलक्या काढतात. मामा अंकगणिताची पुस्तकं वाचायचे. तीही गोष्टीच्या पुस्तकासारखी, गादीवर रेलून, चष्मा नाकावर ओढून. मध्येच "हात्तिच्या!" म्हणून हसायचे, मध्येच कपाळावर हात मारायचे. शाब्दिक उदाहरणं लिहिणाऱ्यांवर त्यांचा कायमचा राग. "गोष्ट सुरू करत्यात आणि अर्ध्यात सोडत्यात. बाईनं साडी घेतली, पेढे घेतले, आन् फुडं? शिल्लक किती म्हणं! अरे, पेढे कशाचे ते सांग की आधी!"

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं निपाणीला गेलो की मामा पुस्तकातली उदाहरणं घालायचे नाहीत. गल्लीतली घालायचे. "शेजारच्या आक्का काल बेळगावला गेलत्या. जवळच्या पैशातला तिसरा हिस्सा तितल्या शहापूर पेठेत साडीला गेला. उरलेल्यातला चौथा हिस्सा कुंद्याला. हातात राहिले दीड हजार. किती घेऊन गेलत्या?" मी झटक्यात तिसरा आणि चौथा हिस्सा एकत्र करून मोकळी व्हायचे आणि ऐटीत ओरडायचे, "छत्तीसशे!" मामा चष्म्यावरून बघायचे. "तीन हजार नेलते त्येंनी. वरचे सहाशे तू दिलतीस व्हय गं?" मग समजुतीच्या सुरात सांगायचे, "पोरी, 'उरलेल्यातला' म्हटलंय. एकदा गेलं त्ये गेलं, त्येच्यातनं परत कसं खर्च करशील? साडी झाल्यावर हातात काय हाय, त्येचा चौथा हिस्सा." गणित तिथं संपायचं, मामांची चौकशी तिथून सुरू व्हायची. आक्कांनी पाचशेचा कुंदा, एवढी मिठाई घेतली म्हणजे पोरीला बघायला कुणीतरी येणार. कोण येणार? संध्याकाळपर्यंत मामा आक्कांच्या कट्ट्यावर बसून पाहुण्यांचं गाव, शेती आणि मुलाची नोकरी काढून परत यायचे. आक्काही सगळं सांगायच्या. त्यांना वाटे, सोयरिकीला मामांची मदत होईल. मामांना फक्त उदाहरण पुरं करायचं असे.

मामांच्या गणितांना एक कायदा होता. हिशेब कसाही घाला, अपूर्णांक कितीही अवघड करा, शेवटी माणसाकडं घरी जायच्या तिकिटापुरतं उरलं पाहिजे. हा कायदा मुळात मामीचा. मामी दुकानात तांदूळ निवडत बसायची आणि मामा तिला उदाहरणं वाचून दाखवायचे. एकदा कुठल्याशा उदाहरणात एका शेतकऱ्यानं बाजारात सगळेच पैसे संपवले आणि पुस्तकवाल्यानं खाली लिहिलं, 'बाकी शून्य'. मामीनं सूप खाली ठेवलं. "मग घरला कसा गेला ओ त्यो?" त्या दिवसापासून शून्य बाकीच्या उदाहरणांवर ते पेन्सिलीनं फुली मारू लागले. पुस्तकं विकायची होती हो! पालक भांडायला यायचे, आणि मामा त्यांनाच विचारायचे, "तुमीच सांगा, कसा गेला असंल?" अलीकडं कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट माफ झालं तेव्हा सगळ्या गल्लीत आनंद आणि मामा तेवढे चिंतेत. "चांगलंच झालं गं," मला फोनवर म्हणाले, "पण माझी निम्मी गणितं नव्यानं घालाय लागणार की!"

गेल्या वर्षी मामी गेली. दुकान आधीच बंद झालेलं. मामांचा मुलगा पुण्याला मोठ्या नोकरीत. "आप्पा, चला माझ्याकडं," असं तो दर फोनला म्हणायचा आणि मामा दर फोनला विषय बदलायचे. तेवढ्यात ते संकेश्वरचं प्रकरण झालं. मामा सकाळी भाजीला म्हणून बाहेर पडले ते दिवेलागणीपर्यंत परत नाहीत. फोन घरातच. गल्लीनं बस स्टँड पालथा घातला, कुणी पुण्याला कळवलं, मुलानं तिकडं हाय खाल्ली. मामा रात्रीच्या जेवणाला हसतमुखानं हजर! झालं होतं एवढंच, की बाजारात एका म्हाताऱ्यानं भलं मोठं पातेलं आणि साखर घेतली आणि उरलेले पैसे पुन्हा पुन्हा मोजत तो स्टँडकडं निघाला. मामांना घोर लागला, ह्याच्याकडं तिकिटाला उरलंय का? म्हणून मागोमाग बसमध्ये चढले आणि त्याच्याबरोबर थेट संकेश्वरला पोचले. म्हाताऱ्याचा जावई चहाची टपरी उघडत होता. मामा पहिला चहा पिऊन, टपरीला आशीर्वाद देऊन आले.

मला ही गोष्ट ऐकून हसू आवरेना. मुलाला मात्र हसू आलं नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं? बाप म्हातारा, एकटा, अन् न सांगता दुसऱ्या गावी जातो. तो रातोरात गाडी घेऊन आला. म्हणाला, "बेळगावला डॉक्टरांकडून डोकं तपासून घेऊ. ते ठीक आहे म्हणाले तर राहा इथं. नाहीतर घराला कुलूप आणि माझ्याबरोबर पुण्याला." मामा "बरं" म्हणाले. एवढंच. मी बेळगावातच राहते, म्हणून दवाखान्यात सोबत गेले. बाकावर बसलेले मामा मला पहिल्यांदाच बारीक दिसले. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाची म्हणून चौकशी करेनात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. "अज्जा, आज वार कुठला? आपण कुठल्या गावात आहोत?" सगळं बरोबर आलं. मग म्हणाल्या, "शंभरातून सात गेले किती? त्यातून परत सात? असं सांगत जायचं."

मामांनी चष्मा नाकावर ओढला. मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मामांनी शांतपणे विचारलं, "शंभर कुणाचे?"

"कुणाचे नाहीत अज्जा. नुसते शंभर."

"नुसते कसे आसतील? कुणीतरी मिळवलं आसतील की."

मुलानं डोळे मिटून घेतले. मला राहवेना. म्हटलं, "बाई, मी घालू का उदाहरण?" त्या बघतच राहिल्या, पण मान हलवली. मी म्हटलं, "मामा, निपाणीचा एक माणूस बेळगावला आलाय. खिशात शंभर रुपये. सात रुपयांचा एक चहा प्याला."

मामांचे डोळे लकाकले. "त्र्याण्णव. एकटाच आलाय?"

"एकटाच. अजून एक चहा."

"शहाऐंशी. कुणाची वाट बघतोय काय?"

"अजून एक."

"एकोणऐंशी." आणि मामा थांबले. बाईंनी पुढं विचारलं, मी विचारलं, मुलानं 'आप्पा, अहो सांगा की' म्हणून काकुळतीला येऊन विचारलं. मामा हूं की चूं करेनात. बाईंनी पेन उचललं. मुलगा हळूच मला म्हणाला, "संपलं. विसरले."

"इसरलो न्हाय," मामा म्हणाले. "आता त्यो चहा पिणार न्हाय. निपाणीचा हाय न्हवं? बाप्या माणूस, तिकीट माफ न्हाय. एकोणऐंशीत आधीच तिकिटाला कमी पडतंय त्येला. आणिक चहा पाजून वाटेत सोडतीस व्हय गं त्येला?"

डॉक्टरीणबाई अशा हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. मग बिगरचहाचं, नुसती वजाबाकी म्हणून मामांनी तोंडी हिशेब पुरा करून दाखवला, बाहत्तर, पासष्ट आणि त्याच्याही खाली. बाई मुलाला म्हणाल्या, "परतीचं तिकीट बाजूला ठेवतात तुमचे वडील. राहू देत त्यांना त्यांच्या घरी. फोन तेवढा खिशात ठेवायला सांगा."

मीही त्यांच्याबरोबर निपाणीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा तिथून पुण्याला निघाला. हरल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं. मला त्याची कीव आली. बापाला न्यायला आलेला, रिकाम्या गाडीनं चाललेला. मामा गाडीपाशी गेले आणि खिडकीतून त्याच्या शर्टाच्या खिशात पाचशेची नोट कोंबली.

"हे काय आप्पा? टाकी भरलेली आहे माझी."

"आसू दे. तकडं कितीबी खर्च कर. पगाराचा तिसरा हिस्सा घराला घाल, उरलेल्यातला कशालाबी घाल. ह्ये मोडू नगंस. घरला यायचं तिकीट हाय."

चावी फिरवायलाच त्याला बराच वेळ लागला. मामी असती तर तिनं दारात उभं राहून हसत डोळे पुसले असते. तिच्या वाटणीचे मी पुसले.

मामा आता रोज फोन खिशात घालून बाहेर पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. रविवारी मी निपाणीला गेले की पुण्याचा फोन माझ्यासमोरच होतो. मामा तब्येत विचारत नाहीत, नोकरीचं विचारत नाहीत.

"ती नोट हाय न्हवं अजून?"

"आहे आप्पा."

"मग ये की."