स्वयंपाकिणीचा आवाज

महापेच्या स्टुडिओत त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं, तोंड मात्र गप्प राहिलं. त्याचाच राग अजून जात नाही.

जुनी परदेशी कार्टून्स मराठीत डब करायचं काम होतं. पडा, आपटा, एकमेकांच्या डोक्यात तवा हाणा, सगळं तेच. त्यात एक काळी, जाडजूड स्वयंपाकीण. कोल्हा हुशार, कोंबडा हुशार, हिच्या वाट्याला फक्त किंचाळणं आणि पिठाच्या डब्यात पडणं. डायरेक्टर म्हणाला, "बाकी सगळे शुद्ध बोलतील. ही आगरी बोलेल. तुला काय, घरचीच भाषा!"

घरचीच! अहो, म्हणून तर नको ना! "मग कोल्ह्याला का नाही आगरी?" मी विचारलं. त्याला वाटलं, मी गंमत करतेय. "अगं, लोकांना हसू यायला पाहिजे," म्हणाला. काम हातचं जाईल म्हणून मी मुकाट माइकसमोर उभी राहिले.

वर माझा शहाणपणा बघा! खोटी आगरी नको म्हणून मी चक्क माझ्या आईचा आवाज काढला. घणसोली गावात ओटीवर सुकट वाळत घातली की ती मांजरावर खेकसते, अगदी तसा. "कोन हाय रं तिकरं? थांब मेल्या!" काचेपलीकडे सगळे पोट धरधरून हसले. मला तेव्हा बरं वाटलं, हे सांगायचीही लाज वाटते.

कार्टून टीव्हीवर लागलं तेव्हा माझी मुलगी आजीला टेकून बसली होती. स्वयंपाकीण पिठात पडली आणि पोरगी टाळ्या पिटत ओरडली, "आजी, ही तर तूच!"

आई आधी हसली. मग टीव्हीकडे नीट बघत राहिली. "आवाज तुजा हाय ना?" तिने मला विचारलं. मी मान हलवली. ती उठून आत भांडी घासायला गेली.

मी पोरीलाच झापलं. तिचा काय दोष, डोंबलाचा! तिने ऐकलं ते बोलली.

पुढच्या भागांसाठी फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. काय उपयोग? आता नात समोर असली की आई थांबत थांबत, शब्द जुळवून बोलते. परवा जेवताना तिला म्हणाली, "बाळा, पाणी देतेस का?" त्यातला 'ण' तिने अगदी जपून उच्चारला. जन्मभर 'पानी' म्हणणारी माझी आई! पोरीने पाणी दिलं. बरोबर बोलले ना, अशा नजरेने आईने माझ्याकडे पाहिलं.